एसटीआय की टॅकोमा? आधी ‘दोन्ही फोर-व्हील ड्राइव्हच’ हे डोक्यातून काढा

प्रश्न असा आहे: बजेट एका गाडीचं, चालवण्याची हौस भरपूर, वापरलेली सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय ही वेगवान कार घ्यावी की टोयोटा टॅकोमा हा पिकअप ट्रक? आणि पुढे जोडलंय, ‘दोन्ही फोर-व्हील ड्राइव्हच आहेत ना!’

नाहीत हो. या एका वाक्यावर मी इतक्यांशी वाद घातलाय की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. एसटीआयमधला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर-संच) हा फरक पचवतो, म्हणून कोरड्या डांबरावरही चारही चाकं कायम जोर लावतात. 2005 ते 2023 च्या फोर-बाय-फोर टॅकोमात तो नाहीच. फोर-हाय (नेहमीच्या वेगाचा फोर-व्हील मोड) टाकलं की ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. चिखलात, वाळूत, बर्फात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटायला जागाच नसते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळते, टायर फरफटतात, मार बसतो ट्रान्स्फर केसला. म्हणजे रस्त्यावर टॅकोमा ही निव्वळ मागच्या चाकांची गाडी. त्यात हौदा रिकामा, मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आसाला) आणि लीफ स्प्रिंग (पट्ट्यांची स्प्रिंग). ओल्या वळणावर मधेच खड्डा आला की मागची बाजू उडून बाहेर सरकते. महागडे शॉक बसवून हे जात नाही.

‘मोठे टायर टाकू’ म्हणणाऱ्यांसाठी: 31 इंचावरून 33 वर गेलात की परीघ साडेसहा टक्के वाढतो. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 106 ला असते, वेग पकडणं मंदावतं, ब्रेकवरचं ओझं वाढतं.

एसटीआय घेणार असाल तर इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून मागे असेल तर गाडी सोडा. एसटीआयच्या ईजे257 इंजिनाचे पिस्टन कास्ट, म्हणजे ओतीव आहेत. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की नॉकिंग होतं (इंधन अवेळी भडकतं) आणि पिस्टनची रिंगलँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली कड, तुटते. कुणीतरी लॅपटॉप लावून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेली गाडी तर नकोच. ऑइल दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना तपासा. पातळी खाली गेली की बेअरिंग जातं. एक टायर फाटला तरी चारही बदला, नाहीतर परिघातल्या फरकापायी सेंटर डिफरन्शियल सतत घासत राहतो.

टॅकोमात गाडीखाली शिरा आणि चासी हातोडीने ठोकून बघा, विशेषतः लीफ स्प्रिंग जिथे टेकतात तिथे. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर गंज आत पोचलाय.

माझं मत एसटीआय. मात्र दगडधोंड्यांतून चढायचं असेल, तर टॅकोमाच्या फोर-लोला (हळू चालीचा, जास्त जोराचा गिअर, म्हणजेच लो रेंज) उत्तर नाही. एसटीआयमध्ये लो रेंज मुळातच नाही, तिथे क्लच जाळून घ्याल. ट्रेलर ओढायचा असला तरीही टॅकोमाच.