हिवाळी अंदाज कसा वाचावा: केळीच्या नव्या बागायतदारासाठी
भाऊ, पहिलाच हिवाळा आहे, घाबरू नका. रावेरचं आभाळ बघण्याआधी उत्तरेची बातमी बघा. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली) आला, काश्मीर-हिमाचलात बर्फ पडला, की दोन गोष्टी धरून चला:

– त्याला अरबी समुद्राचं बाष्प मिळालं तर आपल्याकडे ढग, अवकाळी, कधी गारपीट. कापलेली तूर आधी झाका.

– तो पुढे सरकला की आभाळ निरभ्र होतं आणि उत्तरेचे वारे कडाका घेऊन येतात. नवखे इथेच चुकतात. पाऊस टळला म्हणून निवांत झोपतात. पारा १० अंशांखाली जाणार असेल तर केळीला रात्री पाणी द्या, पहाटे बांधावर धूर करा.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा रोज बघा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीला लागा. नकाशे पुढच्या वर्षी शिकू.