यूएसबी उपकरण 'निलंबित' होते की झोपते?

प्रश्न असा आहे: लिनक्समधल्या यूएसबी पोर्टच्या वीजव्यवस्थापनाचे मदतपान मराठीत लिहायचे आहे. 'डिव्हाइस सस्पेंड होते' याला 'उपकरण निलंबित होते' म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नाही. निलंबित म्हटले की मराठी वाचकाला खातेनिहाय चौकशी आठवते, आणि शाळेच्या विज्ञानात निलंबन म्हणजे गढूळ पाण्यासारखे मिश्रण. दोन्ही अर्थ इतके रुळले आहेत की तिसऱ्याला जागाच उरत नाही.

'बंद होते' हा पर्याय सोपा वाटतो, पण तो जास्त घातक आहे. यूएसबी २.० मध्ये तारेवरची हालचाल ३ मिलिसेकंद थांबली की उपकरण सस्पेंड अवस्थेत जाते. पोर्टवरचा ५ व्होल्टचा पुरवठा मात्र तसाच राहतो. उपकरणाने त्यातून सरासरी २.५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त घ्यायचे नाही, एवढेच. त्याला दिलेला पत्ताही ते विसरत नाही. हाक मारली की उठते. याला आपण झोपणे म्हणतो, आणि मदतपानातही तेच लिहावे. 'निद्रिस्त' चुकीचे नाही, पण क्रियापदे बनवताना ते अडते, आणि इथे सगळी मदार क्रियापदांवरच आहे.

प्रत्येक उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमध्ये 'कंट्रोल' नावाची फाइल असते. तिच्यात दोनच शब्द चालतात: 'ऑन' आणि 'ऑटो'. (फाइलमध्ये ते रोमन लिपीतच लिहायचे, हे पानावर स्पष्ट सांगा.) 'ऑन'चे भाषांतर 'चालू' आणि 'ऑटो'चे 'स्वयंचलित' असे केले की वाचकाला काहीच कळत नाही. 'ऑटो' म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) उपकरण झोपवू देणे. 'ऑन' म्हणजे झोपवू न देणे. 'कायम चालू' नव्हे, कारण अख्खा संगणक झोपला तर हे उपकरणही झोपतेच. कर्नल २.६.३२ पर्यंत 'सस्पेंड' हा तिसरा शब्दही चालायचा. त्याचा अर्थ होता झोपवून ठेवणे: कर्नलने आपणहून उठवायचे नाही. झोपवू देणे, झोपवू न देणे, झोपवून ठेवणे. एकाच धातूवर तिन्ही छटा इतक्या नेमक्या बसतात, तर नवे संस्कृत शब्द घडवायचे कशाला?

'आयडल'ला 'रिकामे' लिहा. 'ऑटोसस्पेंड डिले'साठी 'विलंब' नको, त्यात उशीर झाल्याची तक्रार ऐकू येते, 'मुदत' बरा. मग वाक्य असे होईल: 'उपकरण रिकामे झाल्यावर ते झोपवण्याआधीची मुदत, मूळ मूल्य २००० मिलिसेकंद. ऋण संख्या दिल्यास उपकरण आपोआप झोपवले जात नाही.' पोर्ट, हब, कर्नल हे शब्द आहेत तसेच ठेवा.

एक वाक्य मात्र पानावर ठळक हवे. काही उपकरणे झोपली की नीट उठत नाहीत, उठवताना जोडणीच तुटते. म्हणून कर्नल हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) वगळता इतर उपकरणांसाठी सुरुवातीला 'ऑन' ठेवतो, आणि ज्या ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) आपल्या उपकरणाची खात्री असते तो स्वतः 'ऑटो' करतो. तेव्हा 'वीज वाचवण्यासाठी सगळीकडे ऑटो करा' असा सल्ला लिहू नका. 'एकेक उपकरण झोपवून पाहा, नीट उठले तरच ऑटो ठेवा' असे लिहा.