दहा लाखांची खोली नको, गुरुजी. त्या दहा लाखांचं व्याज द्या

नमस्कार गुरुजी,

आधी इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही वडवणी तालुक्यातले, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय ६४, पेन्शन महिना ३८ हजार. दीड एकर कोरडवाहू रान विकून १४ लाख आले. आधीची ६ लाखांची एफडी आहे. पुतण्या नोकरीनिमित्त केनियात असतो. त्याच्या ओळखीच्या एका अनाथाश्रमाला मुलांच्या झोपायची खोली बांधायला १० लाख द्यावेत, असं तुमच्या मनात आहे. काकू म्हणतात, हातचा पैसा सोडू नका. तुम्ही लिहिलंय, ‘लेकरू कुठलंही असो, लेकरूच.’

ते वाक्य मला पूर्ण मान्य आहे. ‘आपल्या बीडची लेकरं उपाशी अन् हे चालले आफ्रिकेला’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जगाने आपली जात, भाषा विचारली नव्हती. ऑस्ट्रियात १९४९ साली दुसऱ्या महायुद्धातल्या अनाथ मुलांसाठी सुरू झालेल्या एसओएस संस्थेचं बालग्राम त्यानंतरच लातुरात आलं. द्यायचं ठरवलंत ते बरोबरच आहे. फक्त किती द्यायचं, कसं द्यायचं आणि कशासाठी द्यायचं, या तिन्ही गोष्टी मी बदलायला सांगणार आहे.

आधी घर. दहा लाख गेले तर तुमच्या दोघांकडे दहाच लाख उरतात, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत. ७० वर्षांवरच्यांना मिळणारं आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण तुम्हाला अजून सहा वर्षं नाही. महात्मा फुले योजना आता सगळ्यांसाठी आहे, पण त्यात प्रत्येक आजार नाही आणि प्रत्येक दवाखानाही नाही. संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचं एक ऑपरेशन आणि पंधरा दिवसांचा मुक्काम झाला, की चार-पाच लाख कुठे गेले ते कळत नाही. तेव्हा काकूंचं म्हणणं खरं आहे.

म्हणून असं करा. १० लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याचा दर ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला २०,५०० रुपये, वर्षाला ८२ हजार. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. हे सगळं व्याज लेकरांचं. उरलेले ४ लाख आणि जुनी एफडी दवाखान्यासाठी, त्याला हात लावायचा नाही. मोठं दुखणं आलंच तर मूळ रक्कमही थोडी कपात सोसून मोडता येते. केनियात बांधलेल्या खोलीची एक वीटही परत काढता येत नाही. आणि तुम्हा दोघांच्या पश्चात ते १० लाख मुलांच्या कामाला जावेत असं वाटत असेल, तर तसं मृत्युपत्रात लिहा. नुसतं नॉमिनीचं नाव पुरत नाही.

आता खोलीबद्दल, कारण माझी खरी हरकत तिथे आहे.

जगभरातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप हयात असतात. मूल तिथे पोचतं ते गरिबीमुळे. खाटा वाढल्या की त्या भरायला मुलं शोधली जातात. कंबोडिया आणि नेपाळमध्ये हे इतकं झालं, की ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा २०१८ मध्ये केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा विचार त्यात झाला. खुद्द केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ पासून दहा वर्षांत मुलांना संस्थांतून कुटुंबांत परत नेण्याचं धोरण आखलं. ज्या देशाचं सरकार मुलांना घरी पाठवायला निघालंय, तिथे तुम्ही झोपायची खोली बांधायला निघालात. पुतण्याच्या ओळखीचे लोक भले असतील, त्यांच्यावर मी आरोप करत नाही. पण खोली झाली की धान्य, मावशी, वीज, औषधं हा दरमहाचा खर्च कोण उचलणार, हे त्यांनी लिहिलेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांची वसतिगृहं चालतातच की. चालतात, आणि हवीतच. पण फरक बघा. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, निघतो, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची असते, मूल उसाच्या फडावर गेलं तर शाळा सुटते. हंगामी वसतिगृह त्या पाच-सहा महिन्यांपुरतं मुलाला गावात धरून ठेवतं आणि आई-बाप परतले की मूल घरी जातं. कुटुंब टिकावं म्हणून केलेली ती सोय आहे. दान देताना हाच प्रश्न विचारा: या पैशाने मूल घराजवळ राहील की घरापासून तुटेल?

दूरच्या मुलांसाठी द्यायचं तर आजार आणि भूक यांच्यासाठी द्या. २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ६ लाख माणसं मेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृतांत तीन पाच वर्षांखालची मुलं. मच्छरदाण्या आणि लस यांनी हे मरण टळतं. त्यातली एक लस ऑक्सफर्डने शोधली आणि पुण्याच्या सीरममध्ये तयार होते. तीव्र कुपोषित बाळाला शेंगदाणे, दूध पावडर, साखर आणि तेल यांची पेस्ट काही आठवडे दिली की ते सावरतं. युनिसेफ हे काम जगभर करते. पैसे खात्यावरून द्या, रोख नाही. ‘तुमच्या नावाचं मूल’, त्याचा फोटो, त्याचं पत्र असलं काही मागू नका. त्या मुलाने अनोळखी माणसाचे आभार मानत का बसावं?

८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, म्हणाल तर ते तुमच्या उपयोगाचं नाही. पेन्शन आणि सगळं व्याज धरून तुमचं उत्पन्न सहा लाखांच्या आसपास राहतं, आणि नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. म्हणून ‘टॅक्स वाचेल’ असं सांगणाऱ्या फोनला भुलू नका. परदेशी संस्थेला थेट पाठवलेल्या पैशाला ही सवलत तशीही नसते. व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून कर लागत नसल्याच्या स्वघोषणेचा फॉर्म मात्र दर एप्रिलला भरत जा.

माझ्या मते तिमाहीचे १० हजार दूर द्या आणि १०,५०० जवळ. जवळची संस्था निवासी असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खालचं नोंदणीपत्र बघा, तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागा आणि एकदा न सांगता जाऊन या.

तुमच्याकडे पैशाहून मोठी एक गोष्ट आहे. बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा अनाथ मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, आणि मूल आईजवळ किंवा नातेवाइकांच्या घरीच राहतं. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कितीतरी विधवांना हे माहीतच नसतं, किंवा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बोनाफाईड यांतच त्या अडकतात. हे कागद तुम्ही आयुष्यभर हाताळलेत. वर्षभरात दहा मुलांचे अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लागले आणि मंजूर झाले, तर दोन लाख सत्तर हजार रुपये दरवर्षी त्या घरांत जातील. तुमच्या व्याजाच्या तिपटीहून जास्त.

पुतण्याला सरळ कळवा की खोली होणार नाही. मात्र त्या आश्रमातली मुलं आजी-मामांकडे परत पाठवून त्यांच्या शाळेची फी भरणारं कुणी केनियात असेल, तर त्याची माहिती जरूर मागवा. ती आली की मला पाठवा, आपण बघू.