लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी जाड आणि मऊ तळाचा रोजचा बूट पारखावा तरी कसा?

आपण निपाणीहून विचारले आहे की, आठवड्याला सुमारे ५० किलोमीटर धावणाऱ्याने पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीसाठी भरपूर कुशनिंगचा बूट घेताना तो कसा तपासावा, कारण दुकानात चार पावले टाकली की सगळेच बूट गादीसारखे वाटतात. आपली ही शंका अगदी रास्त आहे. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो, वजन ७२ किलो, वय ४७, आणि गेली नऊ वर्षे रस्त्यावर धावत आहे. एवढ्या काळात जे बूट झिजवले त्यांवरून माझे मत असे झाले आहे की, रोजच्या बुटाची खरी परीक्षा लाँग रनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाच्या, शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये होते आणि त्याआधीचे सर्व अंदाज कच्चे असतात.

दुकानात बहुतेक जण तळ अंगठ्याने दाबून पाहतात. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून साधारण शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो. म्हणजे माझ्या बाबतीत दीडशे ते दोनशे किलोंच्या आसपास. अंगठ्याखाली लोण्यासारखा दबणारा फोम या भाराखाली पार तळाला टेकू शकतो, आणि हाताला कडक लागणारा फोम नेमका हवा तेवढाच दबून परत उसळी घेऊ शकतो. म्हणून दुकानात मी फक्त माप पाहतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावताना वापरतो तेच मोजे घालून, उभे राहून, दोन्ही पायांत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि टाच मात्र मागे जराही निसटता कामा नये. एकदा घाईत अर्धा नंबर लहान बूट घेऊन मी येळ्ळूरच्या राजहंसगडावरून धावत उतरलो होतो. दोन नखे काळी पडली आणि पुढे महिन्याभरात गळून गेली. तो दोष बुटाचा नव्हता, माझाच होता.

गेल्या वर्षी घेतलेल्या बुटाचे उदाहरण देतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा पाय आणि आपला पाय एक नाही. बुटाचे वजन माझ्या मापात २८२ ग्रॅम, टाचेखालची जाडी ३८ मिलिमीटर आणि ड्रॉप, म्हणजे टाच व चवडा यांच्या उंचीतील फरक, ६ मिलिमीटर होता. आधीच्या बुटाचा ड्रॉप १० मिलिमीटर असल्याने मी पहिले दोन आठवडे तो आठवड्यातून दोनदाच, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाभोवती संथ गतीने पाच-सहा किलोमीटर वापरला. ड्रॉप कमी झाला की पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, आणि तो ताण धावताना नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळतो. त्यामुळे धावल्यानंतरच्या सकाळी काय दुखते, हे वहीत लिहून ठेवणे फार उपयोगी पडते.

तिसऱ्या आठवड्यात खरी कसोटी घेतली. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलग्यावरून शिनोळीच्या दिशेने १२ किलोमीटर जाऊन परत, असा तो २४ किलोमीटरचा लाँग रन होता. या रस्त्यावर चढ-उतार आहेत, डांबराच्या कडेला उतार आहे, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊ लागल्या की डांबर सोडून बाजूच्या खडीवर उतरावेच लागते. उंच आणि मऊ तळाचा अवगुण असेल तर तो इथे उघडा पडतो: उतरत्या कडेवर पाऊल एका बाजूला कलते आणि घोटा प्रत्येक पावलाला सावरत बसतो. पायांत ताकद असते तोवर हे जाणवत नाही. मी एकोणिसाव्या किलोमीटरपासून मुद्दाम गती न बदलता तीन गोष्टी पाहिल्या: टाच आत वळते आहे का, पावलांचा आवाज थपथप असा जड झाला आहे का, आणि चवड्याखाली आग होते आहे का. पहिल्या दोन गोष्टी ठीक होत्या. तिसरी थोडी झाली, पण पुढच्या वेळी लेस पुढच्या बाजूला सैल बांधल्यावर ती थांबली.

आपल्या भागात पावसाची परीक्षा टाळून चालणार नाही. जुलैमध्ये तासभर भिजल्यावर तोच बूट स्वयंपाकघरातील काट्यावर ३६५ ग्रॅम भरला. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा ऊर्जाखर्च साधारण एक टक्का वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे, म्हणून पाणी लवकर निथळणारे वरचे कापड इथे चैनीची बाब राहत नाही. आउटसोलवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या तळावर, रबर कुठे आहे तेही पाहावे. नुसता उघडा फोम ओल्या शहाबादी फरशीवर आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर घसरतो. वाळवताना आतील तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने डिंक सुटतो आणि फोमही बिघडतो.

जाड कुशनिंगमुळे दुखापत टळतेच का, हा आपला दुसरा प्रश्न. याबाबत पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की फार जाड तळाच्या बुटात पाय अधिक ताठ राहतो आणि वेग वाढल्यावर जमिनीचा धक्का उलट वाढू शकतो. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक हौशी धावपटूंवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र कडक तळ वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका जास्त आढळला. मी यातून एवढेच घेतो की मऊ बूट संथ धावण्यासाठी ठेवावा आणि त्यात वेगाचा सराव करू नये.

टिकाऊपणाबद्दल ५०० ते ८०० किलोमीटर असा आकडा सर्वत्र सांगितला जातो. माझ्या बुटाच्या फोमवर ४०० नंतर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या, ६४० ला गुडघ्याखाली कुरकुर सुरू झाली, आणि तेव्हा तो मी चालण्यासाठी ठेवला. रबर मात्र अजून शाबूत आहे. तळ झिजला नाही म्हणून बूट चांगला, हा समज त्यामुळे मी सोडून दिला.

निपाणीहून आपल्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तेव्हा जिथे जाल तिथे आपला जुना बूट सोबत न्या. त्याची टाच कोणत्या बाजूने झिजली आहे हे पाहून, त्याच बाजूला नवा बूट किती कलतो, ते दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दोनशे मीटर धावून तपासा. धावू देत नसतील तर दुसरे दुकान पाहा.