कंट्री संगीत नव्याने ऐकायचंय. एकच अल्बम सुचवाल का? त्यातली गाजलेली गाणी कोणती?

विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर', 1975 चा. मला दुसरं नाव सुचतच नाही.

यातलं सर्वांत गाजलेलं गाणं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन'. ते मुळात फ्रेड रोझ यांचं, चाळीसच्या दशकातलं. नेल्सनचं नाव तोवर होतं ते गीतकार म्हणून; पॅट्सी क्लाइनने 1961 साली गाजवलेलं 'क्रेझी' त्याचंच. गायक म्हणून मात्र कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये त्याचा जम बसेना, म्हणून तो टेक्ससला परतला. 'ब्लू आइज'ने बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत गायक म्हणून तो पहिल्यांदा अव्वल ठरला आणि ग्रॅमीही मिळालं. याच अल्बममधलं, नंतर आलेलं 'रिमेंबर मी' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

पण माझं कळकळीचं सांगणं आहे, 'ब्लू आइज' सुटं ऐकू नका. रेडिओवर ते साधं विरहगीत वाटतं. अल्बममध्ये मात्र एक सलग गोष्ट आहे: बायको सोडून गेलेला एक धर्मोपदेशक तिला आणि तिच्या प्रियकराला गोळ्या घालतो. त्या खुनाला लागूनच हे गाणं येतं. जिला मारलं तिचेच डोळे त्याला आठवतायत! एवढं कळलं की त्यातली एकही ओळ पूर्वीसारखी ऐकू येत नाही. पुढे शीर्षकगीतात घोड्याला हात लावला म्हणून आणखी एक बाई मरते आणि तो मोकळा सुटतो. ते मला आजही खुपतं.

डॅलसजवळच्या गार्लंडमध्ये हे रेकॉर्डिंग झालं. तेव्हाच्या नॅशव्हिलच्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा आणि कोरस ठासून भरलेला असायचा. इथे गिटार, बास, हार्मोनिका, बहीण बॉबीचा पियानो, आणि बरीचशी शांतता. कोलंबिया कंपनीच्या लोकांना तर हा कच्चा नमुनाच वाटला. पण करारानुसार शेवटचा शब्द नेल्सनचा होता, म्हणून अल्बम आहे तसा बाजारात आला.

त्याची गिटारही लक्ष देऊन ऐका. 'ट्रिगर' म्हणतात तिला. नायलॉनच्या तारांची मार्टिन, बोटांनी वाजवायच्या घडणीची. हा पठ्ठ्या ती पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवतो, त्यामुळे वर्षानुवर्षं घासून मूळ भोकाशेजारी लाकडाला दुसरं भोक पडलंय. गाताना तो शब्द ठोक्याच्या जरा मागे ठेवतो, मधेच पुढे धावतो. भावगीतांवर वाढलेल्या कानांना ही गंमत लगेच कळेल.

अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. शफल बंद करून पहिल्यापासून ऐका, 'हँड्स ऑन द व्हील' गाठल्याशिवाय थांबू नका. आवडला तर पुढे त्याचाच 1978 चा 'स्टारडस्ट' घ्या. त्यात त्याने जुनी लोकप्रिय गाणी गायलीत. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' त्यातलंच.