बारावीचे मार्क नडतील का?

प्रश्न: ताई, दहावी ९१, बारावी ६८, बीकॉम ७२ टक्के, २ वर्षं नोकरी. कॅटच्या (आयआयएमची प्रवेश परीक्षा) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ९५ पर्सेंटाइल येतात. एमबीएला माझा चान्स किती?

उत्तर: खरं सांगू? आयआयएम अहमदाबाद अवघडच, तिथे दहावी-बारावीचे मार्क, ग्रॅज्युएशन, नोकरीचा अनुभव सगळंच मोजतात आणि ६८ तिथे नडतात. पण आपल्या महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचं तसं नाही, तिथे कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) मुलाखत नसते, सीईटीच्या मेरिटवरच सीट मिळते, बारावी कोण विचारतंय! फक्त मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी ९५ने भागणार नाही हां, ओपनला सीईटीत ९९ पर्सेंटाइलच्याही बरंच वर लागतं. आणि कॅटच्या मॉकचा टोटल बघून खूश होऊ नकोस, सेक्शननुसार बघ, एकट्या डीआयएलआरमध्ये (डेटा आणि लॉजिकचा सेक्शन) कटऑफ हुकला तरी मुलाखतीचा कॉल हातचा जातो.