'चॅप्टर केस'मधला चॅप्टर कोणता?

प्रश्न असा आला: "बातमीत वाचलं, 'आरोपीवर याआधीही चॅप्टर केसेस झाल्या आहेत.' चॅप्टर म्हणजे पुस्तकातला धडा, त्याचा पोलिसांशी काय संबंध? की हा 'चाप लावणे'तला चाप आहे आणि 'चाप्टर' हेच मूळ रूप?"

चापाची कल्पना झकास आहे, अर्थालाही बसते. पण व्युत्पत्ती ती नव्हे. हा पुस्तकातलाच चॅप्टर. पुस्तक 1898 ची फौजदारी प्रक्रिया संहिता, धडा आठवा. शांतता राखण्याबद्दल आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन घेणे, हा त्या प्रकरणाचा विषय. स्वातंत्र्यानंतर 1973 ची नवी संहिता आली, ती 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली, तरी हे प्रकरण आठवंच राहिलं आणि त्यातली 107, 110 ही गाजलेली कलमंही त्याच आकड्यांवर राहिली. कायदा बदलला तरी पोलीस ठाण्यातल्या बोलण्यात फरक पडायचं कारणच नव्हतं.

पण संहितेत प्रकरणं भरपूर. मग एकट्या आठव्यालाच 'चॅप्टर' ही पदवी का? माझ्या मते त्याचं कारण या कारवाईच्या स्वभावात आहे. चोरीची केस, मारामारीची केस असं म्हणता येतं, कारण तिथे गुन्ह्याला नाव असतं. इथे गुन्हा घडलेलाच नसतो! दोन शेजाऱ्यांत बांधावरून शिवीगाळ झाली, पोलिसांनी अदखलपात्र म्हणून 'एनसी' लिहून घेतली. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तिचा तपास करता येत नाही. मात्र उद्या कुऱ्हाडी निघतील अशी भीती आहे. मग पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अहवाल पाठवतात. सामनेवाल्याला नोटीस निघते: तुमच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये, याचं कारण दाखवा. चौकशी होते आणि गरज पटली तर ठरावीक रकमेचं बंधपत्र लिहून घेतात, कधी जामीनदारासह. 107 खाली ते जास्तीत जास्त एक वर्षाचं, 110 खाली सराईतांसाठी तीन वर्षांपर्यंत. सही केलीत तर घरी जा. हुकूम होऊनही बंधपत्र दिलं नाही, तर तुरुंग. म्हणजे गुन्हा शाबीत नाही, शिक्षा नाही, तरी कोठडीची वाट उघडी. अशा गोष्टीला नाव काय देणार? ती ज्या पानावर आहे त्या पानाचंच दिलं.

म्हणूनच 'चॅप्टर केसमध्ये शिक्षा झाली' हा बातम्यांतला प्रयोग चुकीचा आहे. 'बंधपत्र घेतलं' म्हणावं.

गंमत म्हणजे मराठीकडे यासाठी शब्द होता. जुन्या कागदांत तीन जामीन भेटतात: माणूस हजर करण्याचा हजरजामीन, पैशाचा मालजामीन आणि वागणुकीचा फेलजामीन. यातला 'फेल' परीक्षेतला नव्हे; अरबीतला, म्हणजे कृती, वर्तन. आठव्या प्रकरणातला जामीन तो हाच. पण फेलजामीन मागे पडला, इंग्रजी चॅप्टर राहिला. 'मुचलका', म्हणजे लेखी हमी, बंधपत्र, मात्र तगला. मुळात तुर्की असलेला हा शब्द 'जातमुचलक्या'च्या रूपात आजही रोज वापरात आहे.

ही कारवाई फक्त भांडखोर आणि भुरट्या चोरांसाठी होती असं समजू नका. 1898 च्या संहितेत 108 कलम होतं, राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याचं. 1916 साली बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या भाषणांबद्दल लोकमान्य टिळकांना याच कलमाखाली नोटीस मिळाली, तीही साठीच्या वाढदिवशी, 23 जुलैला. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने वीस हजारांचं बंधपत्र आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले, मुदत एक वर्ष. त्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू बॅ. जिनांनी मांडली होती. म्हणजे काटेकोर बोलायचं तर लोकमान्यांवर चॅप्टर केस झाली होती! 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा द्यायला उच्च न्यायालय आणि ज्युरी लागली. या खेपेला सरकारला एका दंडाधिकाऱ्याच्या सहीवर भागवायचं होतं. साध्या नोटिशीत केवढी ताकद होती ते इथे कळतं. पुढे 1970 साली मधु लिमये यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण घटनाबाह्य नाही असं ठरवलं. पण चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही, असंही बजावलं.

'तो लई चॅप्टर आहे' यातला चॅप्टर, म्हणजे पोहोचलेला, बेरकी माणूस, मी याच घरातला मानतो. 110 कलमाची यादी बघा: सराईत चोर, घरफोड्या, चोरीचा माल घेणारा, चोरांना आसरा देणारा. ज्याच्यावर वरचेवर चॅप्टर, तोच चॅप्टर. 'चारशेवीस' असाच कलमातून माणसात उतरला.

लिंगाचं विचाराल तर 'चॅप्टर केस झाली' हे स्त्रीलिंगी, केसमुळे. एकटा असला की पुल्लिंगी, 'चॅप्टर लागला'. लिहिताना 'चॅप्टर' लिहावं. 'चाप्टर' हे बोलीतलं रूप, संवादात खुशाल वापरा.

आणि आता ताजी भानगड. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या संहितेत मागाहून घुसवलेलं '7-अ' प्रकरण तिथे स्वतंत्र आठवं झालं आणि आपलं प्रकरण नवव्यावर सरकलं. 107 चं झालं 126, 110 चं 129. आज कुणी 'आठवा चॅप्टर' उघडलाच, तर त्याला परदेशांशी परस्पर सहकार्य आणि मालमत्तेच्या जप्तीची कलमं सापडतील. शब्दाचं काही बिघडत नाही. 'चॅप्टर केस' म्हणताना आकडा तसाही कुणी उच्चारत नव्हतं.